हसवणारी बाई

फाल्गुन लागला की बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, येतात आणि माझं लक्ष कशातच लागत नाही. चहात साखर दोनदा पडते, आमटीत मीठ पडतच नाही. घरातले आता सरावलेत. "आईचा शिमगा सुरू झाला," म्हणतात आणि मुकाट्याने मीठ मागून घेतात. यंदा त्यात भर म्हणून लेकीने पुण्याहून फोनवर एक व्हिडिओ पाठवला. एक तरुण मुलगी, साधा कुडता घातलेली, हातात माईक घेऊन एकटीच उभी आहे, आपल्या सासूबद्दल बोलते आहे आणि समोर शे-दोनशे माणसं पोट धरून हसताहेत. खाली लेकीने लिहिलं होतं, "बघ काय धीट आहे. तुमच्या वेळी असलं काही होतं का?"

तुमच्या वेळी. ह्या दोन शब्दांचा मला मनस्वी राग येतो. जणू आम्ही सगळ्या जन्मभर कोपऱ्यात बसून वाती वळत होतो. होतं, बाई, होतं. तू जन्मायच्या आधी, शिमग्यात, भर दुपारी, आमच्या वाडीत मी हे पाहिलंय. आणि पाहून जी थक्क झाले ती अजून पुरती भानावर आलेली नाही.

आमची वाडी जयगडच्या रस्त्याला. समुद्र दिसत नाही, पण वारा खारट असतो आणि लोखंडी खिळा दोन पावसाळे टिकत नाही. फाल्गुनात तिथे सगळे वास एकदम येतात. काजूच्या बोंडांचा आंबूस वास, मोहराचा, भाजावळीसाठी शेतात जाळलेल्या सुक्या पातेऱ्याचा, आणि घरापुढच्या खळ्यात नव्याने घातलेल्या शेणसड्याचा. मी तेव्हा आठवीत होते. वार्षिक परीक्षा डोक्यावर होती आणि डोक्यात ढोल वाजत होते. इतिहासाचं पुस्तक उघडावं तर लांबून पोरांच्या फाका, शिमग्याच्या आरोळ्या, ऐकू यायच्या. मुंबईचे चाकरमानी आले होते. गावदेवीची पालखी देवळातून निघून वाडीवाडीतून घरोघर फिरत होती, आणि तिच्या आगेमागे नमनाचे खेळे.

नमन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढं सांगायला हवं, की तो आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, त्यात गवळणी असतात आणि गवळणींबरोबर एक मावशी असते. लोक येतात ते मावशीसाठी. ती वाट्टेल ते बोलते, सरपंचाला सोडत नाही, चाकरमान्यांना सोडत नाही. गवळणीही पुरुष आणि मावशीही पुरुष. बाईने नमनात उभं राहायचं नाही, तालीम चालते त्या घराच्या पायरीवरसुद्धा चढायचं नाही. असं कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती.

आमच्या गावची मावशी म्हणजे माझे धर्माकाका. एरवी चिरेखाणीत चिरे काढायचे. किडकिडीत माणूस, पापण्यांवर लाल धूळ, दिवसभरात दहा वाक्यं बोलले तर खूप. पण अंगावर लुगडं चढलं आणि पोटाशी चिंध्यांचं गाठोडं बांधलं, की हाच माणूस हेदवीपासून जयगडपर्यंत लोकांना रडेपर्यंत हसवायचा. खाडीपलीकडून बोलावणी यायची. त्यांना धर्मा म्हणून ओळखणारे थोडे, मावशी म्हणून ओळखणारे पाच गावांत.

त्यांचं गुपित फक्त मला ठाऊक होतं. आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत, तीही छपरापर्यंत न पोचलेली. तिन्हीसांजेला काकी भाकऱ्या थापायला बसली की काका चुलीपाशी येऊन उकिडवे बसत. हळूच विचारत, "सांग गो, मावशी काय बोलंल?" आणि सुलूकाकी, तव्यावरची नजर न काढता, सांगायची. "म्हणावं, चाकरमानी गावात राहतो पंधरा दिवस आणि सल्ले देतो पंधरा वर्षांचे." काका ते दोनदा तोंडात घोळवायचे. काकी म्हणायची, "असं घाईनं नाय. 'राहतो पंधरा दिवस' म्हणा नि थांबा. त्यांना वाटू दे झालं बोलून. मग पुढचं टाका." भिंतीच्या अलीकडे मी तोंडात ओढणी कोंबून हसायची. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याला अख्खं गाव हसायचं. काकी त्या वेळी बायकांत, मागच्या रांगेत, हनुवटीला हात लावून बसलेली असायची. तिला कधी हसताना पाहिलं नाही. पण वाक्य म्हणताना काका चुकीच्या जागी थांबले की तिची मान किंचित हलायची.

त्या शिमग्यात वाडीतला शांतारामदादा बोटीवरून सुटीवर आला होता. बोटीवर तो भंडारी होता, म्हणजे स्वैपाकी. येताना त्याने रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला. पुरुष पालखीबरोबर पलीकडच्या वाडीत गेले होते, म्हणून त्याच्या बायकोने, सुनंदावहिनीने, दुपारी आम्हा सगळ्या बायकापोरींना देवादिकांचा सिनेमा दाखवायला बोलावलं. टीव्हीला हळदकुंकू लागलं होतं. पुढ्यात उदबत्ती लावली होती. वहिनीने नवऱ्याकडून कॅसेट घालायची कशी एवढंच शिकून घेतलं होतं, काढायची कशी ते राहून गेलं होतं. आणि तिने घातली ती भलतीच कॅसेट, दादाने परदेशातून आणलेली.

देव काही आले नाहीत. अंधारात एक उजेडाचा गोल आला आणि त्यात एक बाई येऊन उभी राहिली. गोरी, जाडजूड, डोळ्यांवर मोठा चष्मा, अंगात पुरुषी कोट. हातात माईक. तबला नाही, पेटी नाही, शेजारी कुणी नाही. ती बोलायला लागली, आणि न दिसणारी शेकडो माणसं हसायला लागली.

"कीर्तन हाय काय गो?" कुणीतरी विचारलं.

"मग टाळ कुठंत?"

गंगूबाय तिथे सगळ्यात पुढे बसली होती. वाडीतली सुईण ती, तिथे बसलेल्यांपैकी निम्म्याजणींना तिनेच या जगात ओढून काढलं होतं, त्यामुळे तिच्या शब्दापुढे कुणी जात नसे. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि निकाल दिला, "बापया हाय तो."

आणि गंमत म्हणजे कुणालाही ते चमत्कारिक वाटलं नाही. बाईच्या रूपात उभं राहून जो हसवतो तो पुरुषच असतो, हे आम्ही जन्मापासून बघत आलो होतो. मग सगळ्याजणी कामाला लागल्या. गळ्यावर पुरुषांसारखी घाटी वर आलीय का बघा. पंजे बघा केवढे आहेत. चष्मेवाली गेली आणि एक काटकुळी आली, तीही बापया ठरली. मग पिकल्या केसांची, फुलाफुलांच्या झग्यातली एक आली. "ह्याने साडी बरी नेसली असती," सुनंदावहिनी म्हणाली.

मी इंग्रजी शिकत होते, म्हणून अर्थ सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. खरं सांगते, मला त्यात नवरा, आई आणि फ्रीज एवढे तीन शब्द कळले. पण इतक्या बायका तोंडाकडे बघत असताना 'मला येत नाही' म्हणण्याचा प्रामाणिकपणा माझ्यात तेव्हा नव्हता. मी ठोकून दिलं. "ती म्हणते, नवऱ्याने आईला फ्रीजमध्ये ठेवलं." बायका गंभीर झाल्या. पुढे मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, ते बहुधा या पापाचं क्षालन म्हणूनच.

काकी माझ्या मागे भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू गप रव वाईच," म्हणाली. "तू सांगतेस तसं तिच्या तोंडावर दिसत नाय." मी वळून पाहिलं तर काकी माझ्याकडे बघतच नव्हती. पडद्यावरची बाई बोलत होती, काकीचे ओठ मिटलेले, उजव्या हाताचं एक बोट किंचित वर उचललेलं. बाई थांबली. काकी पुटपुटली, "आता." आणि ते सगळं सभागृह हसलं. मला वाटलं योगायोग. पुन्हा तेच. काकी "आता" म्हणायची आणि हजारो मैलांवरची ती माणसं हसायची. इंग्रजीचं एक अक्षर न येणारी माझी काकी त्यांच्या आधी हसण्याची जागा ओळखत होती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आज हे लिहितानाही आलाय.

मग ती आली. तिचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. बुटकी, केस पोराटोरांसारखे कापलेले, आणि पोट हे एवढं पुढे. तिने पोटावर हात ठेवून काहीतरी म्हटलं आणि लोकांनी नुसता गोंधळ घातला. आमच्याकडच्याही हसल्या, कारण पोटाला गाठोडं बांधलेली मावशी आम्हाला पाठ होती. ती इकडून तिकडे चालली, बोलता बोलता मागच्या उंच स्टुलाला टेकली, एक हात कमरेवर मागे गेला, आणि तिने एक पाय जरासा बाहेर टाकला.

गंगूबाय पुढे सरकली. पार काचेला नाक लागेल एवढी पुढे. मग म्हणाली, "सात भरलेत."

"काय भरलेत?"

"म्हयने. पोर खाली सरकलंय, उजव्या अंगाला हाय. चिंध्या बांधून असं टेकता येत नाय कुणाला." ती मागे वळली आणि तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "बाई हाय गो ती. पोटुशी बाई हाय. सगळ्या बायाच हायत त्या."

घाटी शोधणं बंद झालं. पडद्यावर ती बाई आपलं सात महिन्यांचं पोट घेऊन एवढ्या माणसांपुढे एकटी उभी होती, तिच्या पाठीशी नवरा नव्हता, पुढ्यात देव नव्हता, आणि ती जे म्हणेल त्यावर माणसं हसत होती. पुरुषही हसत होते. मध्येच उजेड त्यांच्यावर जायचा तेव्हा दिसायचं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर बायका जशा बसतात तशा आम्ही बसलो होतो. कॅसेट संपली, पडद्यावर मुंग्या आल्या, तरी उठायचं कुणाला सुचेना. सुनंदावहिनीने शेवटी टीव्हीला नमस्कार केला. कुणी तिला हसलं नाही.

काकी आता ऐंशीच्या पुढे आहे. मी शिमग्याला गेले की अजून मला विचारते, "त्या पोटुशीला काय झालं असंल गो? झिल की चेडू?" ते पोर, मुलगा असो की मुलगी, आज चाळिशीचं असेल. पण काकीसाठी ती बाई अजून उभीच आहे, एक हात कमरेवर ठेवून.

कॅसेट पाहिली त्या दिवशी तिन्हीसांजेला भिंतीपलीकडे काका चुलीपाशी बसल्याचं ऐकू आलं. "सांग गो, मावशी काय बोलंल?"

भाकरी थापल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग काकी म्हणाली, "मला नाय सुचत."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. काकांनी तीन वाड्यांत गेल्या वर्षीची वाक्यं म्हटली. लोक हसले, पण ते ओळखीच्या माणसाला बघून हसावं तसे. एका खळ्यात कुणीतरी मागून ओरडलं, "मावशे, म्हातारी झालीस." काका लुगडं सोडून घरी आले ते जेवलेच नाहीत. मला काकीचा राग आला. एवढं कळत होतं की सुचत नाही हे खोटं आहे. दिवसभर ती अंगणात काजू वाळवताना स्वतःशी पुटपुटायची, थांबायची, पुन्हा तेच वेगळ्या तऱ्हेने म्हणायची.

चौथ्या दिवशी काकांनी विचारलं, "माझं काय चुकलं काय?"

"नाय हो. तुमचं काय चुकणार."

"मग?"

काकीने तवा उतरवला असावा, कारण आवाज थांबले. "मला एकदा माझ्या तोंडानं बोलायचंय," ती म्हणाली. "एकदाच. लोकांना कळू दे, की हे माझं हाय."

मी भिंतीला कान लावला होता तो तसाच राहिला. काका रागावतील, हात उगारतील, असं काहीबाही मनात आलं. पण काका अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि मग माझं काय रवंल गो? खाणीत मला कोण ओळखतो?"

आठवीतल्या मुलीला एक बाजू घ्यायची असते, आणि मला दोन्ही बाजूंनी रडू येत होतं.

पाचव्या दिवशी पालखी आमच्या वाडीत यायची होती, आणि आमच्या सामाईक खळ्यात तिचा पहिला मान. सकाळपासून लगबग. खळं चोपून सारवलं, रांगोळ्या काढल्या, पाट मांडला, ओट्या भरून ठेवल्या. दुपारचे तीन वाजले, चार वाजले, पालखीचा पत्ता नाही. वरच्या वाडीत मानावरून वाद झाला म्हणे. खळ्यात दीडशे माणूस ताटकळलेला, उन्हाने पोरं रडायला लागलेली. अशा वेळी जे व्हायचं तेच झालं. सरपंच ओरडले, "धर्मा, बोल कायतरी. लुगडं नसलं तरी चालंल."

काका उठले. साधा सदरा, अर्धी विजार. मधोमध जाऊन उभे राहिले, घसा खाकरला, तोंड उघडलं, आणि काहीच बाहेर आलं नाही. लोकांना वाटलं हाही मावशीचा एक प्रकार, म्हणून थोडे हसले. मग हसणं थांबलं. काका उभेच. त्यांचे कान लाल झाले होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"देवी वर्षातनं एकदा घरी येते," दाराशी आवाज आला. काकी आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. "तिच्यासाठी खळं सारवलं, रांगोळी काढली, दोन वेळा आंघोळ केली. घोव रोज येतो." ती थांबली. पुरते दोन श्वास थांबली. "त्याच्यासाठी मी वाईच बाजूला सरकते."

पहिली हसली गंगूबाय. मग बायका, मग सगळं खळं. काकीने ताट माझ्या हातात दिलं आणि पायरी उतरून खाली आली. काका मधे उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते तिथेच मातीत, लोकांच्या पहिल्या रांगेत, खाली बसले.

"ह्यांची मावशी मी वीस वर्षं बघतेय," काकी म्हणाली. "कशी चालते बघा." आणि ती चालली. पदर दोन बोटांत, मान वाकडी, कंबर इकडून तिकडे, थेट काका चालायचे तसं. बाई असून ती मावशी झालेला पुरुष करून दाखवत होती, आणि लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. "म्हटलं, ही बाई कोण? माझ्या ओळखीतली एकपण बाई अशी चालत नाय. डोक्यावर दोन हंडे घेऊन असं चालून बघा, म्हणावं. पाणी घरी पोचणार नाय, कंबर तेवढी पोचंल."

मी ताट धरून उभी होते. ही माझी काकी. हिला मी रोज बघते. हिच्याकडे ताक मागायला जाते. आणि ही आज मधोमध एकटी उभी आहे, दीडशे माणूस तिच्या तोंडाकडे बघतंय, ती थांबली की थांबतंय आणि ती सोडेल तेव्हा हसतंय. पडद्यावरच्या बाया परक्या होत्या, त्यांचं काय, असं कुठेतरी मनात होतं. आता तेही उरलं नाही.

"आणि रोज तिन्हीसांजेला चुलीपाशी येऊन मला विचारतात," काकी म्हणाली. आवाज आता खाली आला होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. "सांग गो, मावशी काय बोलंल? वीस वर्षं विचारतायत. मी वीस वर्षं सांगतेय. सुलू काय बोलंल, ते मात्र अजून विचारलं नाय."

या वेळी कुणी हसलं नाही. लोकांना उमगायला वेळ लागला. मग एकेक मान काकांकडे वळायला लागली. आणि नेमक्या त्याच क्षणी बेड्याबाहेर, खळ्याच्या फाटकापलीकडे, ढोल वाजले. पालखी आली होती. पुढचे भोई आत पाऊल टाकायच्या बेतात, माणसं उठायला लागलेली, बायका ओट्यांकडे धावलेल्या. काकी मधोमध तशीच, तोंड अर्धं उघडं. तिचं बोलणं तिथेच तुटलं होतं, आणि देवीपुढे कुणाचं बोलणं मोठं असतं?

काका उठले. ताडताड चालत बेड्याकडे गेले. मला वाटलं आता हे निघून जाणार, पुन्हा घरी येणार नाहीत. ते पालखीच्या समोर गेले आणि त्यांनी दोन्ही हात आडवे केले. आमच्या गावात गावदेवीची पालखी अशी कुणी अडवलेली नाही, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. ढोल बंद पडले.

"वाईच थांबा," काका म्हणाले. "हिचं बोलून व्हायचंय अजून."

भोयांनी गुरवाकडे पाहिलं, गुरवाने देवीकडे पाहिलं. मग त्याने हात वर केला. पालखी खांद्यावरच राहिली, बेड्याच्या बाहेर, उन्हात. उठलेली माणसं पुन्हा खाली बसली. काकीने एकदा देवीला हात जोडले, मग पदर कमरेला खोचला आणि पुढे बोलायला लागली.